इंजिन तापतंय? आधी चाक फिरवून बघा

चैत्रातली जोतिबाची यात्रा नुकतीच उरकली होती. आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत दूध घालणारे एक मामा आहेत. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन आणि रोज पहाटेची फेरी. संध्याकाळी ते गाडी ढकलतच दारात आले. "पोरा, केर्लीवरनं वर चढताना गाडीनं दम सोडला. इंजिनाजवळ पाय ठेवू देईना. गॅरेजवाला म्हणतोय, ब्लॉक-पिस्टन गेलं, बोअर करायला लागतंय. बघ की जरा तू." बोअर करणं म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा.

मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हातानं जोरात ढकललं. अर्धा फेरा मारून ते थांबलं. कॅनच्या वजनामुळे ब्रेक कडक लागावा म्हणून कुणीतरी ब्रेक रॉडचा नट चांगले चार-पाच आटे जास्त आवळून ठेवला होता. इंजिनाकडे वाकून बघितलं, तर फिनांच्या, म्हणजे इंजिनावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांच्या, मधे काळ्या रानाचा चिखल आणि त्यावर यात्रेतल्या गुलालाचा थर, उन्हानं भाजून विटेसारखा घट्ट झालेला. ब्रेक सैल केला, फिना साफ केल्या, ऑइल बदललं. दीड तासाचं काम होतं. त्याच ब्लॉक-पिस्टनवर मामा आजही दूध घालतात.

हा लेख लिहायचं कारण हेच. इंजिन तापलं की आपल्याकडे थेट इंजिन उघडायची भाषा सुरू होते. खरं तर तापण्याची बहुतेक कारणं इंजिनाच्या बाहेर असतात आणि ती तपासायला पैसा लागत नाही. लागतो तो क्रम. बाहेरून आत आणि फुकटातून खर्चिकाकडे असं जायचं. मधली पायरी गाळायची नाही.

रस्त्यातच गाडी तापली तर

पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, त्यातली जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाक फिरवायला कामी येते. उरलेली सगळी सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून बाहेर जावी लागते. ती बाहेर पडायची वाट अडली किंवा आत गरजेपेक्षा जास्त तयार झाली, की इंजिन तापतं. म्हणून घाटात गाडी ओढेना झाली, एक्सिलेटर पिळल्यावर आतून डब्यात खडे हलवल्यासारखा खडखड आवाज यायला लागला किंवा जळक्या ऑइलचा वास आला, तर "वर पोचूया, मग बघू" असं करू नका. कडेला सावलीत घ्या आणि बंद करा. हवेवर थंड होणारी गाडी असेल तर चावीही काढा. रेडिएटरवाली असेल तर इंजिन बंद करून चावी चालू राहू द्या, म्हणजे ज्या गाड्यांत फॅन चावीवर फिरतो तो फिरत राहील.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. घाटात झऱ्याचं पाणी बाटलीत भरून ओतणारे मी पुष्कळ बघितलेत. गरम ॲल्युमिनियमवर एकाच बाजूनं गार पाणी पडलं की धातू आखडतो, हेड वाकू शकतं, फिन तडकू शकते. अर्धा-पाऊण तास थांबा, त्याला दुसरा इलाज नाही.

चालत्या गाडीत मागचं चाक अचानक धरल्यासारखं वाटलं, तर आधी क्लच दाबा आणि मग विचार करा. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तो लोखंडी लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) साधारण दुप्पट फुगतो. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. ती संपली की पिस्टन अडकतो. त्या क्षणी क्लच दाबला नाही तर चाकही अडकतं. कॉलेजच्या दिवसांत करूळ घाट चढताना मला हा अनुभव आलाय. पुढे उसाची ट्रॉली नव्हती आणि मागे एसटी नव्हती, म्हणून वाचलो.

नेहमीचं गरम आणि तापलेलं यातला फरक

"हात ठेवता येत नाही" ही कसोटी नाही. धडधाकट इंजिनावरही हात ठेवता येत नाही. हवेवर थंड होणाऱ्या गाडीच्या हेडचा बाहेरचा आकडा १०० अंशांच्या वर जाणं रोजचंच आहे, त्यामुळे पाण्याचा थेंब चुर्रकन उडाला तरी घाबरायचं कारण नाही. खऱ्या खुणा वेगळ्या असतात. गरम झाल्यावर ताकद कमी होते आणि गार झाल्यावर परत येते. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या फटीचा, टकटक आवाज वाढतो. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. चढावर खडखड होते. ऑइल लवकर काळं पडतं आणि पातळी उतरत जाते.

इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. घेतलात तर गाडी चांगली असतानाच एकदा आकडे टिपून ठेवा. नेहमीच्या फेरीनंतर प्लगच्या बुडाशी किती, ऑइलच्या चेंबरला किती, मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) किती. नंतर तुलना त्याच्याशीच करायची. चकचकीत धातूवर हे यंत्र आकडा फार कमी दाखवतं, म्हणून जिथे मोजायचं तिथे उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि दर वेळी तिथेच नेम धरा.

पान्याला हात लावण्याआधी चार प्रश्न

गाडी नेमकी कधी तापते? फक्त महाद्वार रोडच्या गर्दीत, हळू चालवताना तापत असेल आणि हायवेला लागल्यावर बरी होत असेल, तर हवा पोचत नाहीये किंवा फॅन फिरत नाहीये. उलट शिरोलीच्या पुढे हायवेवर सरळ साठ-सत्तरनं जाताना तापत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय, कूलंट (रेडिएटरमधलं थंड करणारं पाणी) नीट फिरत नाहीये किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकलंय. वाघबीळ चढतानाच तापत असेल, तर क्लच घसरतोय, ब्रेक धरतोय किंवा तुम्ही गिअर पाडत नाही आहात. आणि घरातून निघाल्यावर पाच मिनिटांतच तापत असेल, तर ऑइल आणि टॅपेट आधी बघा. रेडिएटरवाली असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप.

दुसरा प्रश्न, हे एकदम सुरू झालं की हळूहळू वाढलं? तिसरा, तापायला लागण्याआधी गाडीवर कुठलं काम झालं होतं? याचं उत्तर मिळालं की निम्मं निदान तिथेच होतं. नवे ब्रेक शू, नवी चेन, साफ केलेला कार्बोरेटर, दुसऱ्या नंबरचा प्लग, सर्व्हिसिंगला प्रेशरनं धुतलेलं रेडिएटर. जिथे शेवटचा हात लागला, तिथून सुरुवात करा.

चौथा प्रश्न स्वतःला विचारायचा. चौथ्या गिअरमध्ये तीसनं, इंजिन कण्हत असताना आपण चढ चढतो का? कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला की उष्णता साचते, आणि वेग नसल्यामुळे फिनांवर वारंही लागत नाही. गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला की हेच होतं. गिअर पाडा आणि इंजिन मोकळं फिरू द्या. त्यातही ट्रॉलीच्या बुडाशी चिकटून चालू नका, तिथे गरम धूर आणि पाचोळाच मिळतो.

बाहेरची तपासणी

दोन्ही चाकं उचलून फिरवा. मागचं चाक चेनसकट दोन-तीन फेरे तरी सहज फिरलं पाहिजे. ड्रम ब्रेकला पॅडलची मोकळी चाल साधारण २० ते ३० मिमी ठेवा. चाक अडत असेल आणि नट सैल करूनही सुटत नसेल, तर ब्रेकचा कॅम गंजलाय. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. प्लेट काढून कॅम पॉलिश पेपरनं घासायचा आणि बोटाच्या टोकाएवढंच ग्रीस लावायचं. जास्त ग्रीस शूवर उतरलं तर ब्रेकच जातो. डिस्क ब्रेकला कॅलिपरच्या पिना सुकल्या की पॅड मागे सरकत नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे पाच किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत जाऊन या आणि हबजवळ हात न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा ठळक गरम लागलं तर चोर सापडला.

चेन फार ताणलेली नको. बहुतेक गाड्यांना मधोमध २० ते ३० मिमी चाल लागते. गाडीवर माणूस बसल्यावर ती आणखी ताणते, हे लक्षात ठेवा. दूध, वैरण, खताची पोती नेणाऱ्यांनी चेन वरच्या आकड्याजवळ ठेवावी. टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघा.

आता फिना. पावसाळ्यात गुडघ्यावर चिखल येऊ नये म्हणून क्रॅश गार्डला रेक्झिनचा पडदा बांधायची आपल्याकडे पद्धत आहे. पाऊस संपला तरी तो दिवाळीपर्यंत तसाच राहतो आणि इंजिनावर येणारं सगळं वारं अडवतो. तो काढा. फिनांमधला चिखल इंजिन गार असताना आधी भिजवा. रॉकेल आणि डिटर्जंट लावून अर्धा तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं आणि बांबूच्या चपट्या काडीनं काढा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका. प्लगच्या खळग्यात माती साचलेली असते. ती फुंकून काढल्याशिवाय प्लग उघडला तर सगळी सिलिंडरमध्ये जाते. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर ऑइल झिरपून त्यावर धूळ बसलेली असेल तर ती जागा नीट पुसून ठेवा आणि आठवड्यानं परत बघा. पुन्हा ओली झाली असेल तर पॅकिंग गळतंय. इंजिन छान दिसावं म्हणून फिनांवर ऑइल पेंटचे दोन-तीन हात मारणारेही आहेत. जाड रंग म्हणजे इंजिनाला घातलेली घोंगडी.

ऑइल

ऑइल नुसतं वंगण देत नाही. पिस्टनच्या बुडाची, हेडमधली उष्णता उचलून खाली चेंबरमध्ये आणतं. हवेवरच्या इंजिनात दुसरा आधार म्हणजे तेच. गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पातळी बघा. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) पुसून आत घाला. हिरो-होंडाच्या पठडीतल्या गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आटे फिरवून बघितलं तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि याच चुकीमुळे कित्येक गाड्या महिनोन्‌महिने कमी ऑइलवर चालतात. ऑइल बघायची काच असलेल्या गाडीत पातळी दोन खुणांच्या मधे हवी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही वाईट. फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि फेस उष्णता नेत नाही.

ग्रेड, म्हणजे ऑइलचा पातळ-जाडपणा, पुस्तकात बघूनच टाका. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या लहान गाडीत "कोल्हापूरचं ऊन लई" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकायचा मोह आवरा. त्या इंजिनाच्या बारीक वाटा पातळ ऑइलसाठी आखलेल्या असतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं असावं. कारचं ऑइल टाकू नका, त्यातल्या काही द्रव्यांमुळे ओला, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला, क्लच घसरतो. ऑइल बदलताना खालची जाळी काढून धुवा. जुन्या हिरो-होंडा इंजिनात क्लचच्या बाजूला फिरता फिल्टर असतो. त्यात वर्षानुवर्षांचा गाळ शेवाळासारखा चिकटून बसतो आणि त्याला हात लावायचं बहुतेक जण टाळतात. आणखी एक बघा. टॅपेटची टोपी काढून इंजिन मंद चालवलं तर थोड्याच वेळात रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) ओले होऊन ऑइलचे शिंतोडे दिसतात. तिथे कोरडं असेल तर गाडी लगेच बंद करा. ऑइल पंप किंवा वरची वाट तपासल्याशिवाय एक किलोमीटरही नेऊ नका.

क्लच

लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. अजिबात नसेल तर प्लेट अर्धवट सुटलेल्या राहतात, घसरतात, आणि ती उष्णता त्याच ऑइलमध्ये उतरते. चढावर वरच्या गिअरमध्ये एक्सिलेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे उडत नाही, हीच खूण. केबल सैल करून फरक पडला नाही तर प्लेट बदलायची वेळ आली. घाटात अर्धा क्लच धरून चालवायची सवय असेल, तर नव्या प्लेटही तशाच जातील.

पेट्रोल कमी, हवा जास्त

इथे जरा थांबून, शांतपणे काम करावं लागतं. पेट्रोलच्या मानानं हवा जास्त झाली की मिश्रण लीन होतं, असं मेकॅनिक म्हणतात. अशी गाडी मायलेज बरं देते, म्हणून मालक खूश असतो. पण भार पडला की आतलं तापमान चढतं, खडखड सुरू होते, आणि पिस्टनच्या डोक्याला त्रास होतो. मायलेज वाढवून दिलेली गाडी पुढच्या उन्हाळ्यात तापते, त्यामागे बरेचदा हेच असतं.

प्लग काढून बघा. वहीवर ठेवून, दिवसाच्या उजेडात. टोकाजवळचा चिनी मातीचा भाग फिक्या चहाच्या किंवा भाजलेल्या पोळीच्या रंगाचा असेल तर ठीक. काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक, त्यावर बारीक फोडांसारखे ठिपके किंवा टोकाच्या कडा वितळलेल्या, म्हणजे लीन किंवा चुकीचा प्लग. सिग्नलवर बराच वेळ उभं राहून घरी आल्यावर प्लग बघितला तर तो त्या मंद चालीचा रंग दाखवतो. खरा रंग हवा असेल तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये भरपूर एक्सिलेटर देत थोडं जा, एकदम क्लच दाबून किल स्विच मारा, गाडी घसरत कडेला घ्या आणि तिथेच प्लग काढा. हात भाजेल, जाड कापड जवळ ठेवा. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत रंगावरून एवढं कळत नाही, तिथे मीटरवरचा इंजिनाचा दिवा आणि स्कॅनर यांच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

प्लगचा नंबरही तपासा. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. दोन्ही कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या उलट चालतात. "हा पण बसतोय" म्हणून दिलेला प्लग आट्यात बसतो, पण उष्णतेच्या हिशेबात बसेलच असं नाही.

मिश्रण लीन निघालं तर आधी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर बघा. वरून ठीक दिसतं, वाकवलं की खालच्या बाजूला भेग उघडते. इंजिन मंद चालू ठेवून त्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. चाल बदलली, इंजिन एकदम वर-खाली झालं, तर हवा तिथूनच आत जातेय. काही जण हे पेट्रोल शिंपडून बघतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ ते कधीही करू नका. रबर ठीक असेल तर टाकीची जाळी, नळ, पाईप आणि मग मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग. जेट कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ करायचा. तार घालून नाही, भोक एकदा मोठं झालं की त्या जेटचा आकडा गेला. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं की थोडं अंतर गेल्यावर पेट्रोल अडतं. तापल्यावर झाकण उघडताच सुस्कारा आला तर कारण कळलं.

आता इथेनॉलबद्दल, कारण हल्ली प्रत्येक कट्ट्यावर त्याचीच चर्चा असते. आपल्या उसापासूनही ते बनतं, तरी त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. पेट्रोलच्या एका भागाला जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर, त्याच जेटनं, त्याच हवेत मिश्रण थोडं लीन होतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्बोरेटरला ते ओळखता येत नाही. नुसत्या यानं चांगलं इंजिन जळत नाही. इथेनॉल स्वतः बाष्प होताना आतली हवा गारही करतं. पण जी गाडी आधीच मायलेजसाठी आवळून ठेवलीय, तिला हा फरक सोसत नाही. अशा गाडीचा एअर स्क्रू (कार्बोरेटरवरचा मिश्रण ठरवणारा स्क्रू) कंपनीच्या आकड्यावर परत आणा आणि गरज वाटली तर जाणत्या माणसाकडून मेन जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग परत बघा. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून महिनाभर गाडी उभी करू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

एअर फिल्टर भरला की कार्बोरेटरच्या गाडीत उलट होतं. पेट्रोल जास्त, धूर काळा, गाडी ओढत नाही म्हणून माणूस एक्सिलेटर जास्त पिळतो. स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून, हलकं ऑइल लावून बसवा. कागदाचा असेल तर बदला.

टॅपेट आणि टायमिंग

"टॅपेट वाजतोय, जरा आवळ" ही फर्माईश धोक्याची आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापलेला असतो आणि तो आपली उष्णता हेडच्या सीटवर टेकून देतो. टॅपेट घट्ट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही. उष्णता जायला वाट नाही आणि फटीतून जळता वायू निसटत राहतो. हळूहळू व्हॉल्व्हची कड जळते. किंचित वाजणारा टॅपेट बरा, पण मुका झालेला टॅपेट संशयानं बघावा.

रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच हे काम करा. टॅपेटच्या दोन्ही टोप्या आणि मॅग्नेटच्या (क्रँकवर फिरणाऱ्या चाकाच्या) बाजूच्या दोन टोप्या काढा, प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. क्रँकचा नट फिरवत मॅग्नेटवरची 'टी' खूण बाहेरच्या खाचेशी आणा. आता दोन्ही रॉकर बोटानं हलले पाहिजेत. हलत नसतील तर एक पूर्ण फेरा आणखी द्या. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या संचातलं, पातं फटीत घाला. लहान गाड्यांत हा आकडा ०.०५ ते ०.१२ मिमीच्या दरम्यान असतो, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकातून घ्या. पातं हलकं धरत सरकलं पाहिजे, वहीच्या दोन पानांतून पोस्टकार्ड ओढल्यासारखं. स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळा आणि परत मोजा, कारण आवळताना आकडा हटकून बदलतो.

टायमिंग आताच्या गाड्यांत सीडीआय किंवा ईसीयू हा इलेक्ट्रॉनिक डबा ठरवतो, त्यामुळे ते आपोआप हलत नाही. पॉइंटवाली (ठिणगीसाठी यांत्रिक स्विच असलेली) जुनी बुलेट किंवा येझदी असेल तर मात्र पॉइंटची फट आणि टायमिंग दोन्ही बघा. ठिणगी उशिरा पडली की जाळ सायलेन्सरपर्यंत जातो आणि बेंड पाइप अंधारात लालसर दिसतो.

रेडिएटरवाली गाडी

पहिला नियम हा की गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण साधारण १.१ बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं कूलंट १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो, सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. ह्याच कारणानं झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली, तर बाकी सगळं ठीक असूनही गाडी कूलंट बाहेर ओकते. हजारोंचं काम सांगितलं गेलेल्या गाड्या मी नुसतं झाकण बदलून सुधारलेल्या बघितल्यात.

गार असताना राखीव टाकीतली पातळी दोन रेघांच्या मधे आहे का बघा, मग झाकण उघडून रेडिएटर गळ्यापर्यंत भरलंय का तेही बघा. राखीव टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामं, असं झाकण बिघडल्यावर होतं. भरताना तयार मिसळलेलं कूलंट घ्या. घट्ट मिळालं तर डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार आतल्या बारीक नळ्यांत तसेच बसतात जसे घरातल्या गिझरमध्ये.

फॅनकडे वळा. गाडी उभी ठेवून चालू करा आणि तापू द्या. मीटर वर चढूनही फॅन लागत नसेल तर फ्यूज, मग कनेक्टर, मग रिले, मग सेन्सर. मोटर जिवंत आहे का ते बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन कळतं. फॅन फिरतोय तरी तापतंय? रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागदाचा तुकडा धरा. मागे फॅन असलेल्या गाडीत तो ओढून चिकटला पाहिजे. उडून दूर गेला तर दुरुस्तीत तारा उलट जोडल्यात आणि फॅन समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतोय. रेडिएटरच्या पात्यांत अडकलेले किडे, चिखल मागच्या बाजूनं, कमी दाबाच्या पाण्यानं काढा. प्रेशर वॉशरनं पाती झोपतात. झोपलेली पाती चिमट्यानं एकेक उभी करता येतात, वेळ लागतो पण होतं.

थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलं तर इंजिन लवकर तापतं पण रेडिएटर गारच राहतं. काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्यानं लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, आणि गॅसवर तापवा. बहुतेकांचा उघडायचा आकडा ७० ते ८५ च्या दरम्यान असतो, त्यावरच छापलेला असतो. पाणी त्याच्या पुढे गेलं तरी उघडलं नाही तर नवीन टाका. "काढूनच टाक" हा सल्ला ऐकू नका. इंजिन नीट तापलंच नाही तर ऑइल आणि मिश्रण दोन्ही बिघडतात.

वॉटर पंपच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंटचे थेंब येत असतील तर सील गेलंय. भोक एमसीलनं बुजवू नका, मग तेच कूलंट ऑइलमध्ये जाईल. ऑइल दुधाळ चहासारखं झालंय का तेही बघा. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली वाफेचा थोडा पांढरा थर येतोच. अर्धा-पाऊण तासाची एक फेरी मारल्यावर तो गेला तर काळजी नाही. गेला नाही, आणि गार इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या गळ्यात बुडबुडे येत राहिले, गोडसर वासाचा पांढरा धूर आला, तर हेडचं पॅकिंग गेलंय.

कूलंट बदलल्यानंतर आत हवा अडकते, आणि नव्या कूलंटवरही गाडी तापते. पुढचं चाक फरशीवर किंवा चढावर उंच करा, झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करा, पाईप हातानं दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तेवढं भरत जा. बुडबुडे थांबले की झाकण लावा.

इंजिन उघडायची वेळ

एवढं सगळं करूनही तापत असेल, ऑइल जळतंय, किकला कॉम्प्रेशन लागत नाही, तर उघडा. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगची कामं चांगली होतात, आणि इंजिनाचे भाग ओतणारं हे शहर आहे, तेव्हा घाई करू नका. आधी पिस्टन घ्या, मग त्या पिस्टनचं माप घेऊन बोअर करायला सांगा. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी वाढीव मापांत मिळतात, त्यामुळे पहिल्याच खेपेला मोठं माप करून पुढच्या संधी घालवू नका. काही नव्या गाड्यांत लायनरऐवजी सिलिंडरला खास थर दिलेला असतो. त्या बोअर होत नाहीत, ब्लॉक-पिस्टन संचच बदलावा लागतो. हेड काढलंच आहे तर साचलेला कार्बन खरवडा, व्हॉल्व्ह लॅपिंग करा (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवा), आणि हेड सरळ आहे का ते काचेवर ठेवून बघा.

बोअर केल्यावर पहिले ५०० किलोमीटर पूर्ण एक्सिलेटर नाही, मागे ओझं नाही, घाट नाही. त्यानंतर ऑइल बदला. त्यात चमकी दिसेल, पहिल्या खेपेला ती साहजिक आहे.

चाचणी

कुठलंही काम झालं तरी खात्री एकाच रस्त्यावर करा, म्हणजे तुलना खरी होते. माझी फेरी ठरलेली आहे. शिवाजी पुलावरून निघून केर्ली फाट्यापर्यंत मध्यम वेगात जातो. तिथे थांबून दोन्ही हब आणि हेडचा आकडा टिपतो. मग जोतिबाचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मागे एक माणूस बसवून. वर पोचल्यावर इंजिन एक मिनिट मंद चालू ठेवून कान देतो, न्यूट्रल सहज पडतं का बघतो, आकडे परत टिपतो. उतरून घरी आल्यावर गाडी रात्रभर उभी करतो. सकाळी गाडीखालचा पुठ्ठा बघतो, ऑइलची पातळी बघतो, प्लग काढून रंग बघतो. मामांच्या गाडीचे त्या दिवशीचे आकडे अजून माझ्या वहीत आहेत. मागचा हब, केर्ली फाट्यावर, पुढच्या हबइतकाच गार.